ओलेती आहुती

देवापुढच्या निरांजनाचा धूर होत नाही आणि ओल्या सरपणाची चूल डोळ्यांतून पाणी काढते. अग्नी दोन्हीकडे एकच. एवढी साधी गोष्ट टेंभेश्वर गावाला पणजोबांपासून ठाऊक होती, आणि तरीही सन २०४१च्या माघात सगळं गाव मिळून ती विसरलं. विसरलं तेही भक्तीपोटी. म्हणून तर ही गोष्ट सांगावीशी वाटते. नाहीतर नुसत्या विसरभोळेपणाच्या गोष्टी गावोगाव काय कमी आहेत!

गावाला हे नाव टेंभेश्वराच्या देवळावरून पडलेलं. देवळाची पूजाअर्चा गुरवांकडे, पिंडीवरून उतरलेल्या बेलाचा आणि निर्माल्याचा हक्कही त्यांचाच. महादबा गुरव देवाची पूजा करायचा आणि संध्याकाळी दामूबुवा कळंबकरांच्या कीर्तनाला तबल्यावर बसायचा. अशी तीस वर्षं गेली. गुरवांची चार घरं गावाच्या उताराला, आणि त्याच उताराच्या टोकाला गावचा कचऱ्याचा खड्डा. तो खड्डा उन्हाळा-हिवाळा धुमसत असायचा. डॉक्टरांनी महादबाच्या छातीचा फोटो पाहून विचारलं होतं, "विड्या किती ओढता?" ज्यानं जन्मात विडीला हात लावला नाही, तो माणूस त्या धुरानं गेला.

त्याची एकुलती एक लेक रेवती. आयटीआयमधून फिटर झालेली, बापाच्या हाताखाली तबला शिकलेली, वयानं बत्तीस वर्षांची. गावात वायुभट्टी आली तेव्हा ती चालवायला माणूस हवा होता. रेवतीनं अर्ज केला आणि आईला म्हणाली, "देवाचं निर्माल्य बाबांनी सांभाळलं, गावाचं मी सांभाळते."

भट्टी कचरा जाळते, असं कुणी म्हटलं की रेवती चिडायची. "जाळत नाही हो, वायू करते!" आणि मग ती भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून समजावून सांगायची. उघड्यावर ढीग पेटवला की तो कसाबसा, अर्धामुर्धा जळतो, आणि जे जळत नाही ते धूर होऊन माणसाच्या छातीत जातं. इथं तसं नाही. बंद टाकीत सुका कचरा साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवायचा, आणि प्राणवायू मात्र जेवढा लागतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच द्यायचा. पोटभर हवा मिळत नाही म्हणून पदार्थ धड जळत नाही, तो फुटतो. पुठ्ठा असो, चिंधी असो की बिस्किटाचा कागद, त्यातून निघतात मुख्यतः दोन वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. दोन्ही चांगलं इंधन. ते गाळून इंजिनात सोडले की वीज. टेंभेश्वराच्या रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, दवाखान्यातलं लसींचं कपाट आणि देवळाचा मंडप एवढ्या गोष्टी तासाला चाळीस किलो कचऱ्यावर चालायच्या.

ही युक्ती जुनीच. पण तिला एक जुना शत्रू होता, टार, म्हणजे डांबरासारखा काळा चीक. तो वायूबरोबर निघायचा, थंड झाला की नळ्यांत बसायचा आणि इंजिनाचा गळा धरायचा. दहा वर्षांपूर्वी निकेलचा लेप दिलेली चिनीमातीची जाळी निघाली आणि चित्र पालटलं. त्या तापलेल्या जाळीतून जाताना चीकही तुटतो आणि त्याचाही वायू होतो. अट एकच, जाळी लाल राहिली पाहिजे. आठशे अंशांच्या खाली उतरली की ती नुसती चाळण. आणि तिची उष्णता चोरणारा चोर म्हणजे पाणी. कचऱ्यात पाणी असलं की भट्टीची निम्मी ताकद त्याची वाफ करण्यातच जाते.

म्हणून भट्टीच्या तोंडाशी एक यंत्र होतं. पिशवी पट्ट्यावर ठेवली की ते ओल मोजायचं आणि बाईच्या आवाजात बोलायचं, "आर्द्रता तेरा टक्के. स्वीकारले." वीस टक्क्यांच्या वर गेलं की, "स्वीकारता येत नाही." गावानं तिचं नाव ठेवलं होतं मास्तरीणबाई.

भट्टी आली तेव्हा गावानं काही मनावर घेतलं नव्हतं. ओलं-सुकं एकत्र, बाटल्या गटारात, आणि अंधार पडला की जुन्या खड्ड्यात पिशव्या भिरकावणं चालूच. घंटागाडी अर्धी रिकामी यायची. रेवतीनं फलक लावले, घरोघर फिरली. लोक म्हणायचे, "हो हो," आणि तिची पाठ वळली की पुन्हा पहिले पाढे.

शेवटी ती गेली दामूबुवांकडे.

महादबा गेल्यापासून बुवांनी झांज हातात घेतली नव्हती. "माझा ठेका गेला," एवढंच म्हणायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. सत्तरी ओलांडलेली, कवळी डबीत पडलेली, तंबोरा खोळीत गेलेला. रेवतीनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "बुवा, माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील. एकच कीर्तन करा. तबल्यावर मी बसते."

"तुला जमेल?"

"चुकलं तर बाबांना नावं ठेवा."

बुवा हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पौष पौर्णिमेला मंडप भरला. बुवा उभे राहिले, आणि रेवतीच्या पहिल्या तिहाईला त्यांनी अशी काही मान डोलावली, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग बुवांचा आवाज उघडला. ते म्हणाले, "अरे, तुम्ही जिला भट्टी म्हणता ना, ती भट्टी नव्हे, कुंड आहे! ऋषीमुनी अरण्यात समिधा वाहत, तुम्ही दारात उभं राहून वाहता. टाकू नका, अर्पण करा. रोजची पिशवी म्हणजे रोजची आहुती!" मंडप गरजला, "हर हर महादेव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी ओसंडून वाहत आली. ओलं वेगळं, सुकं वेगळं. काही पिशव्यांना हळदीकुंकू लावलेलं! रेवतीनं भट्टीला नमस्कार केला आणि बुवांच्या घराच्या दिशेनंही केला.

आनंद आठवडाभर टिकला.

मग मास्तरीणबाई कुरकुरायला लागल्या. "आर्द्रता चोवीस टक्के." "एकतीस टक्के." "अडतीस टक्के. स्वीकारता येत नाही." रेवतीनं आधी यंत्रावर संशय घेतला. कोरडा पुठ्ठा ठेवून पाहिला, यंत्र बरोबर होतं. गाडीची झाकणं पाहिली, शेडचे पत्रे पाहिले. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मग पाणी येतं कुठून? तिनं एक पिशवी उघडली. आतले दुधाच्या पिशव्यांचे तुकडे आरशासारखे लख्ख, आणि पाण्यानं निथळत होते. पुठ्ठा भिजून लगदा झालेला. वर तुळशीचं पान.

दुसऱ्या दिवशी ती घंटागाडीबरोबर निघाली आणि पहिलंच घर कमळाकाकूंचं लागलं. कमळाकाकू म्हणजे भजनी मंडळाच्या प्रमुख. त्यांनी म्हटलेला शब्द सगळ्या आळीत फिरायचा. काकू न्हाणीत पाटावर बसल्या होत्या आणि पुढ्यातल्या घमेल्यात चिवड्याचं रिकामं पाकीट, शांपूच्या पुड्या आणि एक जुना पायमोजा यांना मनोभावे आंघोळ घालत होत्या.

"काकू! हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? आहुती तयार करतेय."

"अहो, पण धुता कशाला?"

काकूंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू गुरवाच्या पोरीनं महादेवाला तुळस वाहिली. "अगं, उष्टं द्यायचं का अग्नीला? पाकिटाला चिवड्याचे कण, पुठ्ठ्याला केकाचा चिकटा. बुवा कुंड म्हणाले ना? मग कुंडात उष्टं-खरकटं घालून सात पिढ्यांचं पाप घेऊ?"

"बरं, धुतलंत तर धुतलंत. वाळवून तरी द्या!"

"आणि वाळत घातलं की? येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागतो, मांजर शिवते. सोवळ्यातलं देवाला ओलेत्यानंच द्यायचं असतं, बाई. तुझ्या घरात देवाचं करतात आणि हे मी तुला सांगू?"

"काकू, भट्टी बंद पडेल अशानं. माझं ऐका."

"तुझं ऐकू की बुवांचं?" काकूंनी मोजा पिळला, पण बेतानंच, ओल राहील एवढाच. "बुवांना म्हणावं, एकदा व्यासपीठावरून सांगा. ते सांगतील तसं."

साऱ्या गावात हेच. रेवती बारा घरं फिरली आणि बारा ठिकाणी तिला बुवांचंच नाव ऐकायला मिळालं. ती सरळ बुवांकडे निघाली. सांगायचं काय ते वाटेत ठरवलंही. पण दारातच तिला गाणं ऐकू आलं.

बुवा आरशासमोर उभे होते. नवी कवळी बसवलेली, खांद्यावर नवं उपरणं, आणि तार षड्जाशी लाडीगोडी चाललेली. तिला पाहून म्हणाले, "ये रेवू! हे बघ, या कवळीत 'श' नीट येतो. शिवरात्रीचं कीर्तन ठरलं माझं. आणि काल कोण आलं होतं माहीत आहे? कमळा! म्हणाली, बुवा, तुमच्या शब्दानं गावाचं वळण बदललं. रेवू, मी पन्नास वर्षं बडबडलो. कुणी चहाडी सोडली नाही, कुणी भावकीतला कज्जा सोडला नाही. या म्हातारपणी एकदा कुठं लोकांनी ऐकलं गं माझं." त्यांचे डोळे भरून आले. "तुझा बाप असायला हवा होता."

"चहा ठेवू का, बुवा?" एवढंच ती म्हणाली.

दिवे-पंप चालू राहावेत म्हणून पट्ट्यानं नाकारलेल्यातल्या कमी ओल्या पिशव्या रेवती हातानंच आत टाकत होती. त्याच दुपारी इंजिन घरघरलं आणि थांबलं. नळी उघडली तर काकवीसारखा काळा चीक. साफ करायला दोन दिवस लागले. तेवढ्यात जिल्ह्याहून तपासनीस तांबोळी मॅडमचा फोन आला.

"रेवतीताई, आकडे बघतेय मी. काय झालंय तुमच्याकडे?"

"थोडी ओल येतेय, मॅडम."

"थोडी? अहो, भट्टीनं गंगास्नान केल्यासारखे आकडे आहेत! हे बघा, तुमची सहा महिन्यांची चाचणी संपत आली. शिवरात्रीनंतर चौथ्या दिवशी मी येणार. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास सलग, चीक मर्यादेत. जमलं तर भट्टी तुमची. नाही जमलं तर दुसरी गावं रांगेत आहेत."

"आणि आमचा कचरा?"

मॅडमनी उलट विचारलं, "पूर्वी कुठं जायचा?"

पूर्वी उताराला जायचा, महादबाच्या खिडकीखाली.

रेवतीनं ठरवलं, कुणालाच काही सांगायचं नाही, आपणच वाळवायचं. भट्टीशेजारच्या देवळाच्या धर्मशाळेला मोठी गच्ची होती. रोज सकाळी ती तिथं गावाची आहुती पसरू लागली. पुठ्ठे कुरडयांसारखे ओळीनं, चिंध्या दोरीवर, दुधाच्या पिशव्यांना चिमटे. वरून पाहिलं तर एखाद्या फार मोठ्या आणि फार गरीब कुटुंबाची धुणी वाटावी. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी ती वर आली तर सगळं पुन्हा चिंब, आणि मधोमध कमळाकाकू तांब्या घेऊन उभ्या.

"कावळे बसले होते गं सगळ्यावर! बरं झालं मी पाहिलं. शिंपडलं गोमूत्र आणि वर चार घागरी पाणी. काळजी करू नकोस, झालं सगळं शुद्ध."

रेवती मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. तिनं दोन्ही केलं. काकूंना वाटलं, पोरीला गहिवर आला.

शिवरात्रीला चार दिवस उरले असताना बुवा स्वतः भट्टीवर आले. अंघोळ करून, अनवाणी, हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेली पिशवी. "म्हटलं, गावाला सांगतो आणि स्वतः गाडीत टाकतो, हे बरं नव्हे. आज स्वहस्ते." त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि पट्ट्यावर ठेवली.

"आर्द्रता एक्केचाळीस टक्के," मास्तरीणबाई म्हणाल्या. "स्वीकारता येत नाही."

पट्टा उलटा फिरला. पिशवी बुवांच्या पायाशी येऊन पडली.

बुवांचा चेहरा शाळेतून परत पाठवलेल्या पोरासारखा झाला. "माझी आहुती... परत?"

"यंत्र बिघडलंय, बुवा," रेवती घाईनं म्हणाली.

पण बुवांची नजर शेडच्या दारातून वर गेली होती, दोरीवर वाळणाऱ्या गावाकडे. मग त्यांनी आपल्या निथळत्या पिशवीकडे पाहिलं, काळ्या चिकानं भरलेल्या बादलीकडे पाहिलं, आणि शेवटी रेवतीच्या हातांकडे. कोपरापर्यंत काळे झालेले हात.

"तुझा बाप खोटं बोलताना असाच माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचा," ते म्हणाले. "सांग."

तिनं सगळं सांगितलं. बुवा स्टुलावर बसून ऐकत राहिले. मग हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

"म्हणजे पन्नास वर्षांत एकदाच लोकांनी माझं ऐकलं, आणि ते नेमकं चुकीचं."

"तुम्ही कुठं चुकीचं सांगितलंत? तुम्ही धुवा म्हणाला नव्हतात."

"कुंड म्हणालो ना. कुंड म्हटल्यावर कमळा सोवळं आणणार, हे मला कळायला नको? माझी श्रोती आहे ती, पन्नास वर्षांची." ते उठले. "शिवरात्रीला दुसरं कुणी उभं करा. न कळलेलं सांगणाऱ्यानं नारदाच्या गादीवर पाय ठेवू नये. तुझा बाप त्या धुरानं गेला रेवू, आणि मी पुन्हा त्याच धुराची तयारी केली."

ज्याची भीती होती तेच झालं. ओसरी, डबीतली कवळी, खोळीतला तंबोरा, सगळं रेवतीच्या डोळ्यांपुढं येऊन गेलं. ती दारात आडवी उभी राहिली.

"बुवा, बाबांच्या हातून ठेका चुकायचा की नाही कधी?"

"चुकायचा की. एका लग्नात तर..."

"मग काय करायचे ते? तबला खाली ठेवायचे?"

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

"मला शिकवताना म्हणायचे, चुकलास तर थांबू नकोस. थांबलास तर चूक सगळ्यांना कळते आणि तशीच राहते. वाजवत राहा आणि पुढच्या समेवर येऊन मिळ." तिनं काळे हात चिंधीला पुसले. "मला ते 'चुकलास'च म्हणायचे, मुलगा समजून."

बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुन्हा स्टुलावर बसले. "बरं. आता मला पहिल्यापासून शिकव. या खेपेला कळल्याशिवाय बोलायचं नाही."

पुढचे तीन दिवस बुवा सकाळी भट्टीवर हजर. पाहायच्या काचेतून ती लाल जाळी त्यांनी पाहिली. चीक बोटावर घेऊन वासही घेतला. "कमी हवेत जळत नाही, फुटतं म्हणतेस. आणि पाणी तिची उष्णता खातं." त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, हे तर ओल्या सरपणाचं! माझ्या आईनं मला याच कारणासाठी बदडलं होतं."

शिवरात्रीची संध्याकाळ. मंडपात तीळ टाकायला जागा नाही. बुवांनी नमन केलं, झांज वाजवली आणि सुरुवातीलाच हात जोडले.

"मंडळी, आज आधी कबुली, मग कथा. मागच्या खेपेला मी जे सांगितलं ते मला अर्धंच ठाऊक होतं. अर्ध्या ठाऊक गोष्टीवर पूर्ण आवाज लावला, हा माझा अपराध. तुम्ही माझ्यावरच्या प्रेमानं आहुतीला न्हाऊ घातलंत, आणि कुंड विझत चाललं."

मंडपात कुजबुज झाली. कमळाकाकूंचा हात तोंडावर गेला. रेवतीनं डग्ग्यावर हलकेच बोट ठेवलं, मी आहे, अशा अर्थाचं. बुवांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि कथेला हात घातला.

"एका आश्रमात एक शिष्य होता. फार सोवळा. गुरूनं सांगितलं, बाळ, रोज अग्नीला समिधा वाहा. यानं समिधा नदीवर नेल्या आणि तीन वेळा धुतल्या. कुंडात घातल्या. धूर! याला वाटलं, शुद्धी कमी पडली. दुसऱ्या दिवशी सात वेळा धुतल्या. आणखी धूर! तिसऱ्या दिवशी रात्रभर भिजत घातल्या, साबुदाण्यासारख्या." मंडप हसला, उपासाचा दिवस होता. "तेव्हा काय झालं? कुंडातून साक्षात अग्निनारायण प्रकटले. पण कसे? तेज नाही, ज्वाळा नाही. नाकाला उपरणं लावलेलं, डोळे लाल, आणि खोकतायत!" बुवा असे खोकले की तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून खडीसाखर काढली. "शिष्यानं लोटांगण घातलं. म्हणाला, देवा, काय चुकलं? अग्निनारायण म्हणाले, अरे बाळा, मला भूक लागलीय, आंघोळीची वेळ नाही झाली माझी! मला जेवायला वाढ!"

हशा ओसरेपर्यंत बुवा थांबले. मग आवाज खाली आणला, इतका, की मागच्या माणसांनी माना पुढं केल्या.

"शिष्य म्हणाला, देवा, पण उष्टं-माष्टं तुम्हाला कसं देऊ? आणि अग्निनारायण काय म्हणाले ऐका. म्हणाले, वेड्या, माझं नाव पावक. शुद्ध करणं हे माझं काम आहे. तूच सगळं शुद्ध करून आणलंस, तर मी करू काय? जसं असेल तसं आण. मळलेलं आण, उष्टं आण. फक्त कोरडं आण." बुवांनी झांज छातीशी धरली. "मंडळी, देवाच्या दारातही तसंच आहे हो. आपण म्हणतो, आधी चांगले होऊ, मग जाऊ. चांगले होऊन जायचं तर त्याच्याकडे जायचं कशाला? मी आज मळलेलाच आलोय. त्यानं परत पाठवलेलं नाही."

रेवतीला पुढची सम दिसेना, डोळ्यांत पाणी होतं. पण हातांना ती ठाऊक होती. ती नेमकी समेवर आली.

दुसऱ्या दिवशी पिशव्या कोरड्या आल्या. सगळ्याच नाहीत, गाव ते गाव. पण बारा, पंधरा, अकरा असे आकडे मास्तरीणबाई म्हणू लागल्या. कमळाकाकूंनी आपली पिशवी दोन दिवस उन्हात ठेवली आणि कावळे हाकलायला स्वतः काठी घेऊन बसल्या. चौथ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला तांबोळी मॅडम आल्या, डबा-पाणी घेऊन. भट्टी पेटली, जाळी लाल झाली, इंजिन सुरात लागलं.

नऊ वाजले, बारा वाजले, तीन वाजले. चिकाचा काटा मर्यादेच्या खाली. गाव एकेक करून येऊन बघून जात होतं, नव्या बाळंतिणीला बघून जावं तसं. साडेपाचला रेवतीनं कचऱ्याच्या कोठीत डोकावलं. कोरडा माल संपला होता. कोपऱ्यात होता तो सगळा आधीचा, ओला. अजून अर्धा तास बाकी.

"काय झालं?" बुवांनी विचारलं. ते दिवसभर स्टुलावर बसून होते.

"वीस किलो कमी पडतंय. कोरडं."

ती इकडेतिकडे पाहत राहिली, आणि तिची नजर धर्मशाळेच्या ओट्यावर गेली. तिथं तिच्याच घरची पोती होती. शिवरात्रीला हजारो हातांनी वाहिलेला बेल, तीन दिवस उन्हात सुकून कुरकुरीत झालेला. दरवर्षी तो नदीच्या डोहात जायचा. पिंडीवरचं निर्माल्य ओलांडायचंसुद्धा नाही, अशी रीत.

"बुवा... चालेल का?"

बुवांनी दोन्ही हात वर केले. "मला विचारू नकोस बाई! माझं ऐकून काय होतं ते गावानं पाहिलंय. निर्माल्याचा हक्क गुरवाचा. तू ठरव."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रेवतीला वाटलं, बाबा असते तर? मग आठवलं, शेवटच्या दिवसांत बाबा खिडकी लावून घ्यायला सांगायचे, देवळाची घंटा ऐकू आली नाही तरी चालेल, पण धूर नको म्हणायचे. तिनं चपला काढल्या, पोतं उचलून कपाळाला लावलं आणि पट्ट्यावर ठेवलं. "महादेवा, तुझंच आहे," ती पुटपुटली.

"आर्द्रता नऊ टक्के," मास्तरीणबाई म्हणाल्या. "स्वीकारले."

"हर हर महादेव!" पहिला आवाज कमळाकाकूंचा होता.

दुसरं पोतं गेलं, तिसरं गेलं. सहा वाजले. मॅडमनी पडद्यावरचा आकडा दोनदा पाहिला, कागदावर सही केली आणि रेवतीचा काळा हात हातात घेऊन हलवला. "भट्टी तुमची. आणि त्या बुवांचं पुढचं कीर्तन कधी आहे ते मला कळवा." उरलेल्या बेलावर भट्टी चालतच राहिली, आणि अंधारू लागलं तसे मंडपाचे दिवे लागले. उताराला, गुरवांच्या घरांवरही लागले.

कमळाकाकू मात्र अंगणात उभ्या राहून कपाळावर हात धरून वर बघत होत्या. चिमणीच्या तोंडावर हवा नुसती थरथरत होती, आणि तिच्यातून पहिली चांदणी हलल्यासारखी दिसत होती.

"रेवती," काकू काळजीनं म्हणाल्या, "धूर कसा नाही गं? विझली की काय?"

"नाही काकू. चांगली पेटलीये, म्हणून धूर नाही."

स्टुलावरून बुवांचा आवाज आला. "थांब थांब! काय म्हणालीस? पुन्हा म्हण." ते खिशात चष्मा शोधत होते. "लिहून घेतो. पुढच्या शिवरात्रीला लागेल मला."

रेवतीनं ते वाक्य पुन्हा सांगितलं, सावकाश, त्यांना लिहिता येईल असं. तिला स्वतःला मात्र बुवांचे तेवढे तीनच शब्द ऐकू येत होते. पुढच्या शिवरात्रीला लागेल. तिनं हात धुवायला नळ सोडला आणि नकळत तिची ओली बोटं पत्र्याच्या बादलीवर ठेका धरू लागली.